चटणीची डबी त्यालाच का?

दोस्तांनो, दुपारपासून डोकं तापलंय. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे.

नवी पेठेत कापडाच्या दुकानात एक मुलगी कामाला आहे. नाव विचारू नका. कॉलेज सोडल्यापासून मी रोज त्याच रस्त्यानं जातो, त्यावरून समजून घ्या. तिच्या घरची शेंगाचटणी मला आजवर बोटभरही मिळालेली नाही.

आणि आज बघतो तर समोरच्या मोमोच्या गाड्यावर काम करणाऱ्या बिशालला, नेपाळहून आलेल्या बिशालला, तिनं अख्खी डबी दिली! तो मोमो चटणीत बुडवून म्हणतोय, "लई भारी हाय की!" आणि ही खुदुखुदू हसतेय.

माझं टाळकंच सरकलं. ओरडलो, "परदेशातनं यायचं, आमच्या पोरांची कामं घ्यायची, वर आमचीच चटणी खायची! जा की आपल्या देशात!"

माणसं गोळा झाली. तेवढ्यात आईचा फोन आला आणि घरच्या सवयीनं मी त्याच आवाजात तेलुगूत ओरडलो, "वस्तुन्ना अम्मा!" म्हणजे, येतोय आई.

ती दुकानातली मुलगी म्हणाली, "व्हय का? मग तू कुठला रे?"

गाड्याभोवतीचे सगळे हसले. बिशालसुद्धा.

माझे पणजोबा तेलंगणातून इथं कापडाच्या मागावर कामाला आले. ते देशातल्या देशात आले, हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. पण त्यांना मराठी बोलता येत नव्हतं म्हणे. बिशालला येतं.

चुकलो. उद्या त्याला तसं सांगेन.

पण खरं सांगा, डबी त्यालाच का?