परवाना लागत नाही

अंबाजोगाईत थंडीत तिबेटी स्वेटरवाले आले, की लोकरीच्या उबट वासानं मी मनानं चीनच्या सिचुआन प्रांतातल्या, आम्ही पाहिलेल्या तिबेटी गावात पोचतो. ल्हासाकडं जायला परदेशी माणसाला लागतो तसा खास परवाना तिथं फिरायला लागत नाही. सोबत आलेला माजलगावचा मित्र दत्ता तिथल्या चहाच्या दुकानात त्याचीच फुशारकी मारत होता, "कुणी अडवलं बी न्हाई बे!" बोलता बोलता त्यानं शेजारचा लोणी घातलेल्या चहाचा भरलेला पेला उचलला. भारतात राहून आलेली मालकीण हिंदीत ओरडली, "ठेवा तो! बहिणीचा आहे. दूर गेलेलं माणूस परत यावं म्हणून भरून ठेवतो आम्ही."

तिची बहीण भारतात स्वेटर विकते, असं तिनं सांगितलं.

"मग येत कावून न्हाई?" दत्तानं विचारलं.

"मी आधीच परतले. तिला आता सरकार येऊ देत नाही."

तेव्हा नुसतं वाईट वाटलं. आज संताप होतो. जिचं घर तिलाच बंदी, आणि आम्ही तिच्या अंगणात फोटो काढत हिंडलो. ह्याला मोकळा प्रवास म्हणायचं?