लॉट नंबर नसलेली यादी

फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, असं आमच्या घरी शिकवलेलं. पायथन भाषेतली पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले कामाचे प्रोग्राम, मला फुकटच मिळाली. त्यांच्या जिवावर मी घरातला पहिला इंजिनिअर झालो. तेव्हा ती पॅकेजेस मशीनवर आणून बसवणाऱ्या व्यवस्थेबद्दल जे सांगतो, ते उपकार लक्षात ठेवूनच सांगतो.

शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता कपाशीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखण्याचा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो छान चालायचा. पण अमरावतीच्या आमच्या कॉलेजात नियम असा, की परीक्षकांना तो लॅबच्या मशीनवरच दाखवायचा. अकोल्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, एकही विषय राहू नये या अटीवर. बाबा परीक्षेच्या दिवशी तेल्हाऱ्याहून सकाळच्या एसटीने आले होते, ओल्या फडक्यात आमच्याच वावरातली पानं गुंडाळून.

लॅबच्या मशीनसाठी मी चार पॅकेजेसची यादी केली होती. नुसती नावं. आई दुकानात यादी पाठवते तशी: तूरडाळ, तेल, चहा. कोणता चहा, हे ती कधी लिहीत नाही. दुकानदाराला ठाऊक असतं. मशीनला ठाऊक नव्हतं. त्याने सगळं नव्यातलं नवं आणलं. शिवाय या चार पॅकेजेसबरोबर त्यांना लागणारी आणखी तीसेक पॅकेजेस पाहुण्यांसारखी आली, आणि त्यांतल्या दोघांचं एका तिसऱ्यावरून वाजलं. एकाला तो जुना हवा, दुसऱ्याला नवा. व्यवस्थेने लाल अक्षरांत तक्रार छापली आणि खालच्याच ओळीत सगळं यशस्वीपणे बसवल्याचं कळवलं. माझा प्रोग्राम सुरूच होईना. मी एक पॅकेज काढून पाहिलं. ते गेलं, त्याचे पाहुणे तिथेच राहिले.

गाईड मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "कोणतं व्हर्जन हवं होतं?"

"नेहमीचं, मॅडम."

"हे काय तुमच्या गावचं किराणा दुकान आहे?" त्या हसत होत्या, पण घड्याळाकडेही पाहत होत्या. "तुझा नंबर शेवटी लावते. तासभर आहे तुझ्याकडे."

बाहेर व्हरांड्यात बाबा पानांवर पाणी शिंपडत बसले होते.

"काहून रे, चालत नाई का?"

"रूमवर चालते. इथं दुसरंच सामान आलं. नाव तेच, पण माल वेगळा."

बाबांनी जरा विचार केला. "मी बियाण्याची रिकामी थैली काहून जपून ठेवतो? लॉट नंबर राह्यते तिच्यावर. उगवलं नाई तं दाखवाले. तुह्या सामानाले नंबर नाई काय?"

होता. प्रत्येक पॅकेजला होता, व्हर्जनचा. मीच कधी लिहिला नव्हता, आणि व्यवस्थेनेही कधी विचारला नव्हता. धावत रूमवर गेलो. लॅपटॉपला एक आज्ञा दिली, तशी आत बसवलेल्या प्रत्येकाची नंबरासकट यादी मिळाली. लॅबच्या मशीनवर एक वेगळा, रिकामा कप्पा केला आणि त्या यादीबरहुकूम सगळे पुन्हा बसवले. या वेळी कोणी भांडलं नाही.

परीक्षकांनी फडक्यातलं एक लालसर पान उचललं आणि फोटो घेतला. पडद्यावर आलं: लाल्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मान डोलावली आणि सही केली. नोकरी पक्की झाली.

परतताना स्टँडवर मी बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, की मशीनने रोग बरोबर ओळखला.

"ते तं मले झाडापाशीच समजलं होतं," बाबा म्हणाले. मग माझी नंबरांची यादी मागून घेतली, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवली. आजही ती आमच्या घरी बियाण्याच्या थैल्यांमध्ये आहे.