सिंहांच्या जोडीचा रिपोर्ट

गोदामात दुसरी पेटी उघडली तेव्हा माझ्या हातात मोजायची टेप होती आणि माझे बॉस हॉब्सन यांच्या हातात चहा. पहिल्या पेटीतल्या दगडी सिंहाच्या पंजाखाली चेंडू होता. दुसऱ्याच्या पंजाखाली एक पिल्लू उताणं पडलेलं होतं.

"ही सिंहीण आहे," मी म्हणालो.

"वजन तेच आहे ना, पेठे?"

वजन तेच होतं. प्रत्येकी दोन टनांच्या आसपास.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. नॉटिंगहॅमच्या पुढे एका कौन्सिलमध्ये मी स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. म्हणजे एखादी जड वस्तू जिथे ठेवायची तिथली जागा ती पेलेल का, हे आधी कागदावर तपासणारा माणूस. चीनमधल्या एका बंदराच्या शहराशी आमच्या कौन्सिलने मैत्रीचा करार केला होता. इकडे त्याला ट्विनिंग म्हणतात. शहरं जुळी नसली तरी चालतं. त्या मैत्रीची खूण म्हणून तिकडून दाराशी राखण करणारे हे दोन सिंह आले होते.

अडचण अशी की आमची कौन्सिल म्हणजे दोन गावं. काही वर्षांपूर्वी सरकारने ती एकत्र केली, पण गावांना ते कुणी पटवून दिलं नव्हतं. दोन्हीकडे जुना टाउन हॉल, सहा मैलांचं अंतर, आणि एकमेकांबद्दल जुना आकस. कमिटीने पाच मिनिटांत ठराव केला: प्रत्येक टाउन हॉलला एक सिंह. भांडण न होता पास झालेला त्या वर्षातला तो पहिला ठराव, त्यामुळे सगळे खुशीत होते.

मला मात्र ते बघवेना. कारण सांगून टाकतो. माझी बायको सुधा ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती आणि मी इकडे. तीन आठवड्यांतून एकदा भेट, तीही तिच्या ड्यूटीच्या मर्जीने. मी सीनिअर झालो की तिने तिकडची नोकरी सोडून यायचं असं ठरलं होतं. सीनिअरची जागा त्याच महिन्यात भरायची होती आणि शिफारस हॉब्सन करणार होते.

दुसऱ्या गावाच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांखाली तळघर होतं. तळघराच्या छताला दोन टन झेपले नसते तर सगळं आपोआप मिटलं असतं. मी हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा छत पास झालं. आकडा फिरवायची मला सवय नाही, आणि सिंहासाठी ती लावून घेणार नव्हतो.

पण आमच्या रिपोर्टच्या छापील फॉर्मवर शेवटी 'रिमार्क्स' असा एक रकाना असायचा. सगळे त्यात 'निल' लिहायचे. मी लिहिलं: 'हे दोन पुतळे नर आणि मादी असून एकाच दाराच्या दोन बाजूंना बसवण्यासाठी घडवलेले आहेत. त्यांची ताटातूट केल्यास बांधकामाला कोणताही धोका नाही.'

हॉब्सननी शेवटचा आकडा पाहून सही केली. रकाना त्यांनी वाचला नाही. आमच्या ऑफिसात तो कुणीच वाचत नसे.

पुढच्या आठवड्यात चीनहून मिस्टर लिऊ आणि त्यांची दुभाषी बाई जागा पाहायला आले. कमिटीपुढे माझा रिपोर्ट आला. त्या कमिटीत प्रत्येक रिपोर्ट अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचायचा रिवाज होता, कारण एका गावाने केलेल्या सारांशावर दुसऱ्या गावाचा विश्वास नव्हता. चेअरमन वाचत गेले. दुभाषी बाई वाक्यावाक्याचं चिनी करत गेल्या. रिमार्क्स वाचून झाले तेव्हा चेअरमनच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं. तोवर चिनीही होऊन गेलं होतं.

 मिस्टर लिऊंनी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"ते विचारतात," दुभाषी बाई म्हणाल्या, "की दोघं एकत्र राहतील एवढी मजबूत जागा या देशात आहे का."

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. आहे, मी म्हणालो. पण कुठे, हे सांगायची पाळी आली तेव्हा दोन्ही गावं आपापल्या टाउन हॉलचं नाव घेऊन अर्धा तास भांडली. शेवटी जोडी बसली ती बरोबर मध्ये, दोन्ही गावांनी मिळून बांधलेल्या पोहण्याच्या तलावाच्या दारात. दोन्ही गावं सारखीच नाराज झाली, म्हणून ठराव एकमताने पास झाला. मिस्टर लिऊंनी दोन्ही चौथऱ्यांना स्वतः हात लावून पाहिला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं.

हॉब्सननी मला केबिनमध्ये बोलावलं. "तो शेरा इंजिनिअरिंग होता का, पेठे?"

"नाही."

"मलाही तसंच वाटलं."

सीनिअरची जागा दुसऱ्याला मिळाली. हॉब्सनवर माझा राग नाही. न वाचलेल्या कागदावर सही त्यांची होती, आणि चार लोकांत मान खाली त्यांना घालावी लागली होती.

त्या संध्याकाळी मी सुधाला फोन केला. सिंहांचं सगळं सांगून झाल्यावर जागा गेल्याचं सांगितलं.

"सिंह बसले ना नीट?" तिने विचारलं.

"बसले."

"मग अहो, आता तुम्हीच इकडे या."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, याची अजून लाज वाटते. दोन वजनं एकत्र आणायची तर त्यातलं हलकं असेल ते हलवतात, हा आमच्या धंद्यातला अगदी साधा नियम. सिंह सारख्याच वजनाचे होते, म्हणून दोघांना हलावं लागलं. आमच्यात सुधाची नोकरी पक्की, तिच्या वॉर्डात तिच्यावाचून अडायचं. माझ्यावाचून इकडे काहीच अडत नव्हतं. इतकी वर्षं मी जड बाजू ओढत बसलो होतो.