घडीबाईंनी फिरवलेलं घर

घडीबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. जिना संपला की त्यांचं दार, त्याला लागून माझं. पण इतक्या वर्षांत मी त्यांच्या उंबरठ्यापलीकडे क्वचितच गेलो असेन. मी मुळात घुमा माणूस, आणि लिहिण्याचा हात तर अजिबातच नाही. पुढे जे सांगतो त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं, काही मधल्या भिंतीतून ऐकू आलेलं, आणि उरलेलं त्यांच्या मुलीने मागाहून सांगितलेलं. कुठे चुकलं असेल तर तिचा दोष नाही.

बाई हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत कामाला होत्या. धुऊन आलेल्या चादरींचा ढीग समोर पडायचा आणि बाईंच्या हाताखालून घड्या होऊन कपाटात जायचा. 'घडीबाई' हे नाव तिथल्याच कुणीतरी ठेवलं. नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. त्यांचे यजमान बसवर ड्रायव्हर. त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं.

या नवराबायकोची एक रीत होती. थंडी सरली की ते घर फिरवायचे. शब्दही त्यांचाच. जाड पडदे उतरवून धुवायचे, रजया ऊन दाखवून माळ्यावर टाकायच्या, आतल्या भिंतीचा पलंग खिडकीखाली आणायचा आणि खिडकीजवळचं कपाट पलंगाच्या जागी. पुन्हा थंडी आली की सगळं उलट. पलंग सरकवताना साहेब बस मागे घेतल्यासारखे ओरडायचे, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बस्स!" ढकलायच्या मात्र बाई, कारण साहेब पलंगावरच मांडी ठोकून बसलेले.

"आधी प्रवासी उतरवा," बाई धापा टाकत म्हणायच्या. "फुकट्याला घेऊन गाडी हलत नाही."

"ड्रायव्हरला तिकीट नसतं," साहेब म्हणायचे.

मी माझ्या खोलीत बसून हे ऐकायचो आणि मला बरं वाटायचं.

मग साहेबांचं डोकं साथ देईना. आधी नावं गेली, मग रस्ते. ज्याने उभा जन्म रस्त्यावर काढला तो माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना चुकायला लागला. मुलगी परगावी नोकरीला. तिने एकदा सरळच विचारलं, "आई, तुला एकटीला झेपतंय का? मी एक संस्था बघून ठेवलीय. चांगली आहे."

"माणूस आहे तो," बाई म्हणाल्या. "रजई नाही, माळ्यावर टाकायला."

"आई, मी काय टाकून द्या म्हणतेय का?"

"बाहेर सगळं विसरतात, पण घर ओळखतात ना? दारातून आत आले की आपल्या जागेवर जाऊन बसतात. जोवर घर ओळखतायत तोवर ते इथेच राहणार. घर ओळखेनासे झाले की मग बोल."

हे बोलून गेल्या खऱ्या, पण तेव्हापासून साहेब बाहेरून आले की बाई श्वास रोखून बघायच्या. साहेब पलंगाच्या टोकाला जाऊन टेकले की मगच चहाचं आधण ठेवायच्या.

यंदा थंडी सरली तेव्हा मुलगी रजा काढून आली होती. बाईंनी पदर खोचला. मुलगी म्हणाली, "आई, या वर्षी राहू दे. कशाला दगदग?"

"याच वर्षी हवं," बाई म्हणाल्या. त्यांचं गणित साधं होतं. जे आयुष्यभर दोघांनी मिळून केलं, ते हाताला लागलं तर आठवणही हाताला लागेल.

पडदे निघाले, टबात भिजले. रजया गच्चीवर गेल्या. मायलेकींनी पलंगाला हात घातला. साहेब पलंगावर बसलेले, कुठेतरी भलतीकडेच बघत. बाईंनी ढकलता ढकलता म्हटलं, "अहो, येऊ दे म्हणा की!"

साहेबांनी मान वळवली. मग खोल विहिरीतून बादली वर यावी तसा आवाज आला, "येऊ दे... येऊ दे... बस्स!"

बाई मटकन जमिनीवर बसल्या. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "ऐकलंस?" त्या मुलीला म्हणाल्या. "तुझी संस्था ठेव तुझ्यापाशी."

मग त्यांनी माझं दार वाजवलं. "भाऊ, यांचे केस फार वाढलेत. जरा न्हाव्याकडे नेऊन आणता? तेवढ्यात मी झाडून पुसून घेते." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

आम्ही परत आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. खिडकीला पातळ पिवळे पडदे, फरशीवर ऊन, पलंगावर नवी चादर, एकही सुरकुती नाही. साहेबांनी एक चप्पल काढली, आत पाहिलं, आणि पुन्हा पायात घातली.

"माफ करा बाई," ते म्हणाले. "मजला चुकला."

"अहो, या ना. आपलंच घर आहे."

"नाही नाही. तुमचं चालू द्या." आणि ते जिन्याकडे वळले.

बाईंनी त्यांचा हात धरला. साहेबांनी, परक्या बाईने धरलेला हात सोडवावा तसा, तो हळूच सोडवून घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. त्या वेळी बाईंचा चेहरा बघवेना. त्या आत धावल्या. "पलंग मागे घे!" मुलीवर ओरडल्या. "भाऊ, तुम्हीही या, बघत काय उभे आहात!"

आम्ही पलंग ओढला, कपाट ढकललं. रजया खाली आणल्या. टबातले पडदे तसेच निथळत दांडीवर चढवले, त्यांचं पाणी भिंतीवरून फरशीवर उतरायला लागलं. बाई मधोमध उभ्या राहून डोकं धरून म्हणत होत्या, "स्टूल कुठे होतं? पलंगाच्या या बाजूला की त्या?" काळोखात हात घालून हवी ती चादर काढणारी बाई. मुलीला सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्हाला आठवतं का?"

मला काय आठवणार? मी दारातूनच परतणारा माणूस.

खूप विनवण्या झाल्यावर साहेब आत आले. पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखे टेकले. टपटपणाऱ्या पडद्यांकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे छत गळतंय वाटतं." मग चहा घेतला, आभार मानले. "आता निघतो. घरी मंडळी वाट बघत असेल."

बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी रिकामा कप उचलला आणि विचारलं, "कशी आहे हो तुमची मंडळी?"

"कडक आहे," साहेब म्हणाले. "पण घर काय ठेवते! तुम्ही एकदा बघाच."

त्यानंतरचा उन्हाळा बाईंनी हिवाळ्याच्या घरात काढला. बाहेर डांबर वितळत होतं आणि यांच्या खिडक्यांवर जाड पडदे, पलंगावर रजया. बाई घामाने निथळत स्टूल कधी इकडे, कधी तिकडे ठेवून बघायच्या, कपाट बोटभर सरकवायच्या आणि साहेबांच्या तोंडाकडे बघायच्या. भिंतीतून मला फर्निचर घासल्याचा आवाज यायचा. मधूनच बाईंचा आवाज, "आता? आता ओळखीचं वाटतं का?" आणि साहेबांचा, अदबीचा, "छान आहे हो. पण मला जायला हवं."

घरात फिरवण्यासारखं जे जे होतं ते सगळं फिरवून झालं. ते घर साहेबांना पुन्हा सापडलं नाही.

एका दुपारी बाईंचा डोळा लागला आणि साहेब घरी जायला निघाले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बस डेपोत सापडले, अनवाणी, तळपाय पोळलेले. मुलगी आली. तिने संस्थेला कळवलं, बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी साहेबांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या. एक सदरा कितीतरी वेळा उलगडून त्याची पुन्हा घडी घातली, असं मुलगी सांगत होती. गाडीत साहेबांनी विचारलं, "घरी ना?" बाई म्हणाल्या, "हो, घरीच."

महिनाभराने बाईंनी संस्थेजवळ एक खोली बघितली आणि इथली जागा सोडली. सामान खाली गेलं. मी दारात उभा होतो. त्या कुलूप लावून वळल्या.

"भाऊ, आज पाणी लवकर जाणार आहे. भरून ठेवलंत का?"

"ठेवलंय."

"झाकण ठेवा त्याच्यावर."

"हो, ठेवतो."