थोडंसं बरं नाही, एवढंच

वळ गावातल्या गोडाऊनमध्ये मी पॅकिंगला जाते. सुट्टी हवी असली की सकाळी ग्रुपवर सुपरवायझरला कळवायचं. आमच्या टेबलावरून एका दिवशी एकीलाच सुट्टी मिळते.

परवा उठल्यापासून मला कसंतरीच होत होतं. मळमळ, डोकं जड. दहावीतली मुलगी फोन घेऊन म्हणाली, "आई, फीवर लिहू?"

"ताप कुठे आहे मला? खोटं नको लिहूस."

"मग 'सिक'सुद्धा नको, ते जास्त वाटतं. 'फीलिंग अ बिट अनवेल' लिहिते. म्हणजे थोडंसं बरं नाही."

होतंही तेवढंच. मी चौथी शिकलेली. माझ्या नावाने इंग्रजी गेलं आणि तेही बरोबर, याचाच मला आनंद झाला. लगेच उत्तर आलं, "ओके, टेक केअर."

मग वरचे मेसेज पाहिले. माझ्या आधीच, टेबलाला माझ्या शेजारी उभी राहते त्या बाईने बोलून पाठवलं होतं, "साहेब, रातभर ताप हाय, अंग नुसतं फणफणतंय. आज न्हाय जमायचं." त्याखाली त्याचं उत्तर होतं, "मौसी, नाटक मत करो. चुपचाप आ जाओ."

ते ऐकूनही मी आडवी झाले. दुपारपर्यंत मला बरं वाटलं, भाकरीही खाल्ली.

काल ती टेबलाला टेकून खोक्यांना टेप लावत होती.

"काय गो, बरी झालीस? तुझ्या इंग्रजीला घाबरला बघ साहेब. आमचा ताप त्याला दिसतच न्हाय."

ती हसली. माझा हात तिच्या हाताला लागला तर चटका बसला.

मी कधी सुपरवायझरशी आपणहून बोललेली नाही. काल गेले. "सर, तिला खरंच ताप आहे. घरी जाऊ द्या. तिचे खोके मी भरते."

"कल तो आप अनवेल थीं ना?"

"मला थोडंसंच होतं, सर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ठीक है, भेजो. आधा दिन लगेगा." म्हणजे तिला अर्ध्याच दिवसाचा पगार.

ती राहते त्या कामतघरच्या रिक्षात तिला बसवायला मी गेटपर्यंत गेले. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "तू होतीस म्हणून गो, न्हायतर मला कोण सोडतंय."

परवाची सुट्टी खरं तर तिची होती, हे मला तिला सांगायचं होतं. रिक्षा सुटली आणि मी तिचे खोके भरायला आत वळले.