व्याह्यांची माती बघायला बुऱ्हाणपूरला

उशिरा लिहितोय, माफ करा. येऊन बरेच दिवस झाले. प्रवासाने तब्येत बिघडेल या काळजीत बसलो होतो. बिघडली नाही.

निघायचं कारण केळी. धाकटीचे सासरे, म्हणजे माझे व्याही, यांनी माती तपासून घेतली. अहवालात पोटॅश भरपूर निघालं, म्हणून त्यांनी ते द्यायचं बंद केलं. तर जुनी पानं कडेने करपली, घड भरेनात. माझ्याही बागेला पोटॅश द्यायची वेळ आलेली. द्यावं की नाही, या विचाराने घास उतरेना.

रावेरहून सकाळची बस धरा, डावीकडे बसा, ऊन लागत नाही. रस्ता बरा आहे, तरी ड्रायव्हर पेंगतोय असं मला सारखं वाटलं. बुऱ्हाणपुरात मावा जलेबी खा. एक पुरते. मी दोन खाल्ल्या आणि नेपानगर रस्त्यावरच्या व्याह्यांच्या शेतापर्यंत रिक्षात साखरेला घाबरत बसलो. भाडं आधी ठरवा.

बागेतले घड असे, की व्यापारी भाव न करताच, नुसतं पाणी पिऊन निघून गेला होता. तपासायला माती कुठली दिली, मी विचारलं. व्याही ऐटीत म्हणाले, बाहेर पाठवायची म्हणून निवडून दिली, बांधावरच्या लिंबाखालची, काळीभोर.

चहा घेऊन आलेल्या विहीणबाई थांबल्या. "अहो, चुलीची राख मी तिथेच टाकते. तपासणी शेताची नाही, माझ्या चुलीची झाली."

राखेत पोटॅश असतंच. मी हसलो, पण व्याह्यांचा चेहरा बघून चहाच्या कपात तोंड घातलं. वर्षभराचा माल त्या लिंबाखाली गेला होता.

"हलकी माती पाठवली असती तर लोक काय म्हणाले असते?" ते पुटपुटले.

"आता घड बघून काय म्हणून राहिले?" विहीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागभर फिरून, रडक्या जागांचीसुद्धा माती खणली, बादलीत कालवली, सावलीत वाळवून पाठवली. पोटॅश कमी निघालं, असं व्याह्यांनी नंतर फोनवर सांगितलं. आता ते ठिबकमधून थोडं थोडं देतात. एकदम ओतलं तर झाडाला मॅग्नेशियम घेता येत नाही. आधी निसवलेले, म्हणजे झाडातून बाहेर पडलेले घड गेलेच, नवे भरतील अशी आशा आहे.

घरी आल्यावर मी खुरपं घेऊन, तपासणीची माती काढायला, थेट माझ्या सगळ्यात मरतुकड्या केळीपाशी गेलो. जलेबीची चव गेली, विहीणबाईंचं बोलणं राहिलं.

व्याही, अहवाल सांगितल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही. हे वाचलंत तर नवे घड भरतायत का तेवढं लवकर कळवा. लाज वाटत असेल तर विहीणबाईंना सांगायला लावा.