चार बोटे कोरी जागा

खरे बोलून नोकरी घालवण्याची विद्या आमच्या मेहुण्यांना जशी साधली होती, तशी ती साऱ्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला साधली असेल असे मला वाटत नाही. मेहुणे म्हणजे माझ्या पत्नीचे धाकटे बंधू. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मॅट्रिक झालेले, एकटे, नगरात एका खोलीत राहणारे. त्यांचे अक्षर इतके वळणदार होते की अर्ज वाचणारा क्षणभर मजकूर विसरून नुसती वळणेच पाहत राही. या अक्षरामुळे त्यांना मुलाखतीची बोलावणी येत आणि मुलाखतीमुळे त्यांची नोकरी जाई. मुलाखतीला जाताना ते माझा काळा कोट नेत. कोट त्यांना खांद्यावर सैल होई आणि बाह्या बोटांपर्यंत येत. परत आणून देताना मात्र तो नेहमी इस्त्री केलेला असे.

त्यांच्या अर्जाची एक रीत होती, ती मी आजवर दुसरीकडे पाहिली नाही. केलेल्या नोकऱ्या ते फुलस्केप कागदावर क्रमाने लिहीत आणि मध्ये जितका काळ घरी बसावे लागले असेल तितकी जागा कोरी सोडीत. वर्षाला एक बोट, सहा महिन्यांना अर्धे. बोट कागदावर आडवे ठेवून ते ही जागा मोजून घेत. त्यामुळे त्यांचा अर्ज दुरून पाहिला तर उंदराने मधूनमधून कुरतडल्यासारखा दिसे. मी एकदा न राहवून म्हणालो, "अहो, ही भगदाडं बुजवून टाका. घरची शेती पाहिली असं लिहा. सगळे तेच लिहितात."

"दाजी, आपल्याला शेती कुठं आहे?"

"कोण येतंय बघायला?"

ते कळवळून म्हणाले, "पण समजा आलं कुणी. एवढ्या उन्हाचं, मोटारीनं. बिचारा शेत शोधत फिरेल हो." त्या न येणाऱ्या माणसाच्या पायपिटीपायी त्यांनी जागा कोरीच ठेवली.

खाडे पडायची कारणेही त्यांच्यासारखीच होती. एका खाजगी मोटार सर्व्हिसच्या कचेरीत त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवले होते. गाडी नादुरुस्त असली की "येईल, येईल" म्हणत उतारूंना थांबवून ठेवायचे, एवढेच काम. मेहुण्यांनी पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याला सांगितले, "बाबा, गाडी उघडून ठेवली आहे. आत्ता चालू लागलात तर दिवस मावळायच्या आत पोहोचाल." म्हाताऱ्यामागोमाग अख्खी रांग चालू लागली. त्यापुढे दीड बोट कोरे. एका जिनिंग कारखान्यात ते हजेरी घेत. मालकाचे घड्याळ संध्याकाळी दहा मिनिटे मागे पडते हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी बायामाणसांना आपल्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे सोडून दिले. पुन्हा एक बोट. हे सगळे ते पुढच्या मुलाखतीत तारीखवार सांगत आणि समोरचा साहेब हळूहळू आपल्या घड्याळाकडे पाहू लागे. एकदा विषमज्वराने सहा महिने गेले होते, तर त्याला साक्षीदार म्हणून शेजारच्या लोहाराला बरोबर नेले. लोहाराने मैत्रीला जागून साक्ष दिली, "व्हय सायेब, लई आजारी हुतं. आमी तर आशा सोडल्ती. खरं सांगू का, आजून बी मानूस पयल्यावानी न्हाई." साहेबांनी दोघांना चहा पाजून परत पाठवले.

या गमती मी घरोघर रंगवून सांगत असे. लोक पोट धरून हसत. पण त्या अर्जात एक जागा चार बोटांची होती आणि तिच्याविषयी मी कधी कुणाला काही सांगितले नाही.

मी जामखेडला शिक्षक असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. ते गावी एकटेच असत आणि गाव सोडायला तयार नव्हते. देह धिप्पाड, त्यांना उचलायला, कूस बदलायला पुरुषमाणूसच हवा होता. पत्नी बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेली. बिनपगारी रजा घेतली असती तर माझ्या सेवेत खंड पडला असता आणि पर्यवेक्षकाची जागा हातची गेली असती. मेहुणे तेव्हा एका बियाण्यांच्या दुकानात चांगल्या कामावर होते, तिथल्या मालकाशी त्यांचे पटतही होते. आठवडाभरासाठी म्हणून ते माझ्या वडिलांकडे गेले आणि चार वर्षे राहिले. बहिणीच्या सासऱ्याचे मलमूत्र काढले. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवले. त्यातही "पाहिजेत"च्या जाहिराती वडिलांना फार आवडत. अखेरच्या महिन्यांत वडील त्यांना माझ्या नावाने हाक मारीत आणि मेहुणे "ओ" देत. मी सुटीत जाई तेव्हा हाकेला दोघेही उठत असू. माझ्या सेवापुस्तिकेत मात्र आजही एका दिवसाचा खाडा नाही.

पुढे आमच्या संस्थेने मला श्रीगोंद्याच्या हायस्कुलात पर्यवेक्षक म्हणून पाठवले. दुष्काळाच्या आदल्या वर्षी तिथे कारकुनाची जागा निघाली. वयाची अट चाळिसाच्या आत. मेहुण्यांना चाळीस पुरी व्हायला तीन महिने उरले होते. याखेरीज दुसरी संधी येणार नव्हती, हे त्यांना, मला आणि पत्नीलाही ठाऊक होते. "नातं सांगू नका, दाजी. वशिला वाटेल," एवढे त्यांनी मला बजावले. मला ते सोयीचेच वाटले.

मुलाखतीला टेबलाच्या एका बाजूला संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि मी. दुसऱ्या बाजूला माझाच कोट. मेहुण्यांनी मोटारीचा खाडा सांगितला, घड्याळाचा सांगितला. अध्यक्ष उसाचे मोठे बागाईतदार, मोकळ्या मनाचे गृहस्थ, खदखदून हसले. "मानूस सरळ हाय," मुख्याध्यापकांना म्हणाले, "आपल्याला आसाच पायजे." मग त्यांनी अर्जावर हात ठेवला. "आनि ही? ही चार बोटं कशाची वो?"

जन्मभर प्रत्येक खाड्याची कूळकथा सांगणारा तो माणूस कोटाच्या बटणाशी चाळा करू लागला.

"घरी होतो."

"आजारी हुता?"

"नाही."

"मंग तुरुंगात-बिरुंगात?"

"नाही साहेब. बसून होतो."

"चार वर्सं? नुस्तं बसून?"

"हो."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. "काय सर, तुमाला काय इचारायचंय?"

मला विचारायचे काहीच नव्हते, सांगायचे होते. एका वाक्याचे काम होते. पण ते वाक्य बोललो असतो तर बायकोच्या भावाकडून बापाची सेवा करवून घेणारा मुलगा कोण, हेही त्याच टेबलावर कळले असते. मी म्हणालो, "नाही."

बाहेर व्हरांड्यात ते कोटाची घडी घालत उभे होते. "का नाही सांगितलंत?" मी विचारले. हे विचारताना माझी जीभ कशी रेटली कोण जाणे. ते म्हणाले, "तुम्ही त्या बाजूला बसला होता ना. तुमचं तोंड कसं झालं असतं?" घरी आल्यावर पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तुम्ही होता ना तिथं?" मी होतो म्हणालो.

पुढल्या वर्षी पाऊस आलाच नाही. उन्हाळ्यात जामखेडच्या रस्त्याला दुष्काळी काम चालू होते, तिथे मी मोटारीतून उतरलो. डोक्याला टॉवेल गुंडाळून मेहुणे खडी फोडीत बसले होते. शेजारची म्हातारी हसून म्हणाली, "मास्तर, ह्यो बाबा खडी बी मापात फोडतोय बगा. येखादी मोटी झाली तर दिसभर वाईट वाटून घेतोय." मेहुण्यांनी घाम पुसला. "इथं बरं आहे, दाजी. मागचं कुणी विचारत नाही. नाव विचारतात आणि हातोडी देतात."

मुलाखतीचा तो अर्ज शाळेच्या दफ्तरातून मी मागून घेतला होता. यंदा दिवाळीत ते आले, त्याच्या आदल्या दिवशी मी तो काढला आणि त्या चार बोटांत, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिले : "या काळात हे माझ्या वडिलांचे चिरंजीव होते." खाली सही केली, हुद्द्यासकट. फराळ झाल्यावर कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला. मग सवयीने बोट आडवे ठेवून जागा मोजली.

"दाजी," ते अगदी हळू म्हणाले, "अक्षर दाटलंय हो. कोरं होतं तेव्हा बरं दिसत होतं."

आणि कागदाची घडी करून त्यांनी ती खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवली. माझ्या.